टेलर की फेयॉल? गोव्यातल्या डिचोलीच्या काजू कारखान्यासाठी

कारखाना कसा चालवावा यावर दोघांनी विचार मांडले: अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर (१८५६–१९१५) कारखान्याच्या जमिनीवरून वर पाहतो, आँरी फेयॉल (१८४१–१९२५) संचालकाच्या खुर्चीतून खाली. फेयॉलने फ्रान्समधली खाण कंपनी वर्षानुवर्षे चालवली होती, म्हणून त्याची व्यवस्थापनाची १४ तत्त्वे अनुभवातून आलेली वाटतात.

टेलरचा भर घड्याळावर, म्हणजे प्रत्येक कामाला लागणारा वेळ मोजून काम बसवण्यावर. बेथलेहेम स्टील या अमेरिकेतल्या पोलाद कंपनीत एका माणसाचे रोजचे लोखंड उचलणे साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर नेल्याचा त्याचा दावा. मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५. हिशेब कोणाच्या फायद्याचा, ते सांगायला नको! काजूगर सोलणाऱ्या बायकांना हे घड्याळ लावले तर किलो वाढतील, पण घाईत गर फुटतील, आणि तुकड्याला अख्ख्या गराचा भाव कोण देणार? पॅकिंगच्या टेबलावर मात्र टेलर कामाचा आहे.

खरी टक्कर हुकमावरून होते. टेलरने एका कामगारावर आठ मुकादम सुचवले: कोणी वेग बघणार, कोणी दुरुस्ती, कोणी शिस्त. फेयॉल म्हणतो, एका माणसाला एकच साहेब. आपल्याकडच्या घरगुती कारखान्यात आठ मुकादम न नेमताच मिळतात. बाबा भट्टी वाढवायला सांगतात, काका कमी करायला, आणि थोरला मुलगा फोनवरून तिसरेच. तिथे मी आधी फेयॉलच आणेन, भट्टीवर कोणाचा शब्द चालणार हे ठरवून. टेलरच्या घड्याळाला हात लावायचा तो त्यानंतर, तोही मजुरीचा दर बायकांशी बोलून झाल्यावरच.