८५ हजारात बी.टेक. घेतली, कागद एक नंबर, बाकी सगळं बोगस

एक स्टार देतोय, तोही प्रिंटिंगला.

नाशिकला सीबीएसपासून, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडपासून, पाच मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर डिग्र्या विकणाऱ्या कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे. नाव टाकत नाही, ज्याला जायचंय त्याला कोणीतरी सांगतंच. बाहेर अॅडमिशन गाइडन्सचा बोर्ड, आत एसी, चहा, आणि समोरचा माणूस इतका गोड बोलतो की आपण काही वाकडं करतोय असं वाटतच नाही. शब्दच वेगळे असतात ना त्यांचे. बोगस कोणी म्हणत नाही, 'बॅक डेट' म्हणतात, म्हणजे मागच्या वर्षांची तारीख टाकलेली डिग्री, 'वन सिटिंग' म्हणतात, म्हणजे सगळी वर्षं एका झटक्यात.

माझं म्हणाल तर मेकॅनिकल डिप्लोमा, दोन विषय बॅक राहिले ते राहिलेच. नंतर इथल्याच अंबड एमआयडीसीत एका व्हेंडरकडे क्वालिटीत सहा वर्षं काढली, २०१७ पासून, नाइट शिफ्टसकट. काम येत होतं हो, ड्रॉइंग वाचता येत होतं, रिजेक्शन कुठून येतंय ते मशीनजवळ उभं राहून सांगायचो, पण मोठ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेलं की क्वालिफिकेशनच्या रकान्यावर गाडी अडायची. गंमत बघा, २०२२ ला टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, प्रकरण गाजलं, २०१९-२० च्या परीक्षेत पैसे देऊन पास झालेले सात हजारांहून जास्त उमेदवार परीक्षा परिषदेने बाद केले, तेव्हा मिसळ खाता खाता पेपर वाचून मीच हसलो होतो की काय डोकी आहेत यांची. आणि २०२३ ला मीच त्या जिन्यात.

८५ हजार, दोन हप्ते, रोख, पावती नाही. दोन महिन्यांत परराज्यातल्या एका विद्यापीठाची डिग्री आणि आठ सेमिस्टरच्या मार्कशीट हातात. कागद जाड, होलोग्राम, शिक्का, सगळं झकास. फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. दहावीला मला ५४ टक्के होते. डिजिलॉकरमध्ये दिसेल का विचारलं तर म्हणाला जुन्या बॅचचं तिथं येत नाही, टेन्शन नका घेऊ.

आता जे जायच्या विचारात असतील त्यांच्यासाठी महत्त्वाचं. यूजीसीच्या साइटवर फेक विद्यापीठांची यादी असते, त्यात नागपूरचं पण एक नाव आहे, मी ती यादी बघितली होती, माझं विद्यापीठ त्यात नव्हतं म्हणून निवांत झालो. पण विद्यापीठ खरंच असतं ओ! त्यांच्या रजिस्टरमध्ये आपण नसतो. कंपनीकडून कागद तपासणारी एजन्सी विद्यापीठाला डिग्रीवरचा नंबर पाठवते आणि तिकडून एका ओळीचं उत्तर येतं, या क्रमांकाचा विद्यार्थी आमच्याकडे नाही.

माझं तर त्याच्याही आधी फुटलं. सातपूरला एका मोठ्या कंपनीत लागलो, पगार २२ हजारांवरून ३८ हजारांवर गेला, नऊ महिने सगळं मस्त, साहेब खूश, आणि खूश होते म्हणूनच प्रमोशनला नाव गेलं आणि नाव गेलं म्हणून फाइल परत उघडली. एचआरच्या मॅडमनी पीएफची सर्व्हिस हिस्ट्री आणि मार्कशीट शेजारी शेजारी ठेवल्या. डिग्री रेग्युलर, २०१६ ते २०२०, दुसऱ्या राज्यात. पीएफ मात्र त्याच वर्षांत अंबडमधून कापला जातोय. मॅडम ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "तुम्ही दोन ठिकाणी कसे होता?" मला घाम फुटला. आज राजीनामा द्या नाहीतर आम्ही काढतो आणि तक्रार करतो, हे पर्याय. दिला.

एक वकील मित्र आहे, त्याने सांगितलं ते इथं टाकतो. पूर्वीची आयपीसीची कलमं ४२०, ४६८, ४७१, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८, ३३६, ३४०. फसवणुकीसाठी खोटा कागद बनवला तर सात वर्षांपर्यंत, आणि तो खोटा आहे हे माहीत असून खरा म्हणून वापरला तर बनवणाऱ्याइतकीच शिक्षा. म्हणजे कन्सल्टन्सीवाल्याची तक्रार करायला मी पोलीस स्टेशनला गेलो तर पहिला आरोपी कोण, कळलं ना?

पण खरी मार वेगळीच बसली. ८५ हजार गेले, जाऊ दे. माझी सहा वर्षं खरी होती, ती पण आता कोणी खरी मानत नाही. पीएफमध्ये ते नऊ महिने दिसतात, इंटरव्ह्यूला विचारतात का सोडली, सातपूरहून लेटर मिळालं नाही, आणि अंबडच्या ज्या सुपरवायझरनी माझ्यासाठी शब्द टाकला होता ते आता फोन उचलत नाहीत. दोन विषय सोडवले असते तर डिप्लोमा झाला असता, गंगापूर रोडने पुढे गेलं की मुक्त विद्यापीठ आहे, नोकरी करून पोरं शिकतात तिथं, आणि मी सीबीएसला जिना चढलो.

पैसे परत मागायला गेलो होतो. चहा दिला. म्हणाला डिग्री त्रास देतीये ना, मग एक्सपीरियन्स लेटर घेऊन जा, जुने कस्टमर म्हणून दोन हजार कमी करतो. चहा मात्र चांगला होता, ते सांगायला हवं.

ओरिजिनल डिग्री अजून घरात आहे. आईने फ्रेम करून हॉलमध्ये लावली, देवघराच्या बाजूला. मी कंपनी बदलली एवढंच तिला माहितीये.