चौथीतल्या मुलीचा शुद्ध 'आशीर्वाद'

एकूण २४,३०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते. पेन्शनवर जगणाऱ्या माझ्यासारखीला तो लहान नाही, पण त्यानं मी बुडालेही नाही. माझा राग वेगळाच आहे. ३१ वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या आणि मला फसवलं ते एका पत्रानं.

नोव्हेंबर २०२३. नागपूरच्या टेकडी गणपतीचं दर्शन घेऊन खाली उतरले, तर गळ्यात ओळखपत्र घातलेली एक पोरगी समोर आली. हातात लॅमिनेशन केलेले फोटो. "मावशी, पैसे नका देऊ, फक्त फोटो बघा." बघितले. दोन वेण्या, लाल रिबिनी, एक दात पडलेला. वय नऊ, चौथीत, वडील यवतमाळकडचे शेतकरी, कर्जापायी आत्महत्या केलेली. विदर्भात राहणाऱ्याला यापुढं काही सांगावं लागत नाही. दरमहा १,२०० रुपयांत हिचं शिक्षण होईल, दर दोन महिन्यांनी तिचं पत्र येईल, असं ती म्हणाली.

पर्समधून नोटा काढायला लागले तर तिनंच थांबवलं. "वर्षाचे एकदम दिले तर रोख चालत नाही मावशी, २,००० च्या वर रोख दिलं की ८० जी मिळत नाही." देणगीवर आयकरात सवलत देणाऱ्या ८० जी कलमाचा हा नियम खरा आहे. तिच्या तोंडून निघालेली एवढी एकच गोष्ट खरी होती आणि मी नेमकी तिच्यावरच भाळले. एवढं कायद्यानं बोलणारी मुलगी लबाड कशी असेल! महिन्याचेच १,२०० भरायला क्यूआर कोड स्कॅन केला तर संस्थेचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. "आमचे खजिनदार आहेत." बरं.

पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आली. तिच्यावर नोंदणी क्रमांक, गोल शिक्का, सगळं होतं. पहिलं पत्र जानेवारीत आलं. रेघांच्या कागदावर, निळ्या शाईत. 'तुमच्या आशीर्वादाने मी रोज शाळेत जाते.' त्यात 'शाळेत'ची मात्रा आधी राहून गेली होती, मग वरून दिलेली, थोडी तिरपी. त्या तिरप्या मात्रेवर मी किती जीव टाकला, ते आता सांगायलाही लाज वाटते. पत्र देवघराच्या फळीवर ठेवलं. मुलगा बंगळूरला, नातवाला मराठी वाचता येत नाही. मला पत्र लिहिणारं कुणीतरी मिळालं होतं.

जूनमधल्या पत्रात लिहिलं होतं: '१५ जूनला शाळा सुरू झाली, पाऊस होता, शाळा लांब आहे, सायकल असती तर...' इथं मी थबकले. १५ जूनला शाळा? उन्हामुळं आपल्या विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२४ मध्ये तर १ जुलैला उघडल्या. हे मला नाही ठाऊक तर कुणाला? पण खरं सांगते, मी स्वतःच त्यांच्या वतीनं उत्तर तयार केलं. निवासी शाळा असेल, मुलांना लवकर बोलावत असतील. आणि सायकलीचे ५,५०० पाठवले. निवासी शाळेतल्या मुलीला सायकल कशाला लागते, हाही प्रश्न पडला नाही.

जुलैच्या सुरुवातीला फोन आला. डेंग्यू झालाय, मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात भरती केलंय, औषधं बाहेरून आणावी लागून राहिली. ८,००० पाठवले. माझ्या घरून मेडिकल ऑटोनं वीस मिनिटं. डबा घेऊन भेटायला जाते म्हटलं, तर "आयसीयूत भेटू देत नाही मावशी." मी गेले नाही.

त्याच महिन्यात भिशीला मानेवाड्याच्या मैत्रिणीनं कौतुकानं मोबाइल पुढं केला. "ही माझी पोरगी." दोन वेण्या, लाल रिबिनी, पडलेला दात. नाव वेगळं, गाव मेळघाटातलं, वडील कोरोनात गेलेले. पत्रही होतं. तेच. 'शाळेत'वरची ती तिरपी मात्रासुद्धा तिथंच, तशीच. आमच्या हातातले पोहे तसेच राहिले. तिलाही डेंग्यूचा फोन येऊन गेला होता.

घरी येऊन फळीवरची पत्रं काढली आणि पहिल्यांदा शिक्षिका म्हणून वाचली. चौथीतलं मूल ऱ्हस्वदीर्घात चुकतं. 'आशीर्वाद' तर आमच्या स्टाफरूममध्येही निम्मे लोक 'आशिर्वाद' लिहायचे. या मुलीचे सगळे ऱ्हस्वदीर्घ बरोबर होते, आणि तिची काय ती एक मात्रा तेवढी राहिली होती. कुणीतरी शिकल्यासवरल्या माणसानं बसून ती चूक घडवली होती.

रिटर्न भरणाऱ्या भाच्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "मावशी, १० बीई दाखव." त्या वेळच्या आयकर नियमांप्रमाणे ८० जी नोंदणी असलेली संस्था देणग्यांचं विवरण आयकर खात्याला देते आणि देणगीदाराला पुढच्या ३१ मेपर्यंत १० बीई नावाचं प्रमाणपत्र देते. ते नसेल तर नुसत्या पावतीवर सवलत नाही. आणि नवीन करप्रणाली घेतली असेल तर ८० जी मुळातच नाही. पावतीवरचा क्रमांक त्यानं धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर टाकला, तर तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका देवस्थानाचा निघाला. दहा मिनिटांचं काम. ते मी नोव्हेंबरातच करायला हवं होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथं कळलं की फसवणूक झाल्या झाल्या काही तासांत फोन केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. नऊ महिन्यांनी काय गोठणार! ठाण्यात हवालदारानं विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवले ना जी?" हो म्हटलं. एवढं मात्र कळलं की चारसोबीस आता ४२० राहिलं नाही, भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालं.

एक गोष्ट मी उशिरा शिकले. अनाथ, निराधार मुलांच्या संस्थांना २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला त्याच कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. म्हणजे जे फोटो बघून माझे डोळे भरून आले, ते फोटोच पहिली खूण होते. वडील गेलेल्या मुलाला घरीच सांभाळता यावं म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. यवतमाळच्या त्या मुलीची आई खरी असती, तर तिला मी या योजनेचा अर्ज तरी भरून दिला असता.

भाचा म्हणतो, आता सोड हा नाद. पण मुलांना असा महिनेवारी आधार दिला की त्यांचं भलं होतं, हे खोटं नाही. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांत याचा अभ्यास केला. २०१३ मध्ये तो छापून आला. आधार मिळालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकलेली आढळली. वर्गात एक वर्ष जास्त म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

म्हणून डिसेंबरात एका नोंदणीकृत बालगृहात गेले. आधी क्रमांक तपासला, मग ऑटो केली. अधीक्षक बाईंनी चहा दिला, हिशेबाचं पत्रक दाखवलं. एखाद्या मुलीचा फोटो मिळेल का, असं माझ्या तोंडून निघूनच गेलं. "नाही देत ताई," त्या म्हणाल्या. "पत्रही नाही. पैसे सगळ्या मुलींसाठी जातात." मला थोडं वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते. संस्थेच्या नावानं चेक लिहिला. अंगणात मुली लंगडी खेळत होत्या. कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

जुना फोटो अजून फळीवर आहे. ती पोर कुणाची, कुठली, तिचा फोटो यांच्या हाती कसा लागला, काही कळलं नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवलं, फोटोही दिला. फाडायला हात होत नाही.