रिकामी पिकअप चढावर घसरते: वजन, टायर की डिफ्रन्शियल लॉक?

बोलेरो पिकअप असो वा टाटा २०७, ज्या गाडीत जोर फक्त मागच्या चाकांना जातो ती भरलेली असताना घाट मुकाट चढते आणि रिकामी असली की बागेतल्या साध्या चढावर चाक फिरवत बसते. इंजिन आणि केबिन पुढे, मागे नुसता हौदा. मागच्या चाकांवर वजन येतं ते माल चढल्यावरच. जूनमध्ये कोकणातल्या लाल चिखलात हे जास्त जाणवतं. मग उपाय सुचवणारे भेटतात. कुणी म्हणतं वाळू टाक, कुणी म्हणतं टायर बदल, आणि गॅरेजवाला म्हणतो लॉकर बसवू, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र जखडून फिरवणारा डिफ्रन्शियल लॉक.

पैसे काढण्याआधी गाडी अडकते तिथे कुणाला तरी बाजूला उभं करून बघायला सांगा. एकच चाक फिरतंय आणि दुसरं गप्प आहे, असंच उत्तर येईल. साध्या डिफ्रन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या जुळणीचा, तो स्वभावच आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे कमी पकड असलेलं चाक सुटलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. एवढ्यावरून लॉकर हवा असं ठरत नाही. गप्प असलेल्या चाकाखाली काय आहे ते बघा. ते कातळावर किंवा कोरड्या मुरुमावर असेल तर लॉकरने फरक पडेल. तेही त्याच चिखलात असेल, तर लॉकर बसवल्यावर एकाऐवजी दोन चाकं फिरतील आणि गाडी जेमतेम पुढे सरकेल.

वाळूच्या गोण्या हा सगळ्यात स्वस्त मार्ग, पण त्याचा हिशोब लोक करत नाहीत. समजा रिकाम्या गाडीचं वजन १,७५० किलो आहे आणि त्यातलं ७०० मागच्या ॲक्सलवर. बरोबर ॲक्सलच्या वर १५० किलो ठेवलं तर पकड साधारण २० टक्के वाढते, पण हे १५० किलो चढावर ओढायचंही असतं. निव्वळ फायदा दहा-बारा टक्क्यांचा. थोडक्यासाठी अडकणाऱ्या गाडीला एवढा पुरतो. हौद्याच्या शेपटाला वजन ठेवलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही. जांभ्याचे चिरे सहज मिळतात म्हणून तेच टाकतात. करकचून ब्रेक लागला की चिरा केबिनच्या मागच्या काचेकडे येतो. गोण्याच बऱ्या, त्याही बांधलेल्या. आणि माल भरताना त्या उतरवायच्या, नाहीतर पासिंगच्या वजनात तेवढा माल कमी.

माझा कौल टायरला आहे. अनेक जुन्या पिकअपना मागे गोटा झालेले किंवा रिमोल्ड केलेले टायर असतात, कारण नवी जोडी पुढे लावायची पद्धत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद, पण चिखलात तो त्याच्या कितीतरी आधी निरुपयोगी होतो. मागे लग नक्षीची (खोल, आडव्या ठोकळ्यांची) चांगली जोडी टाकली तर मातीच्या रस्त्यावर फरक पहिल्याच दिवशी कळतो. डांबरावर लग टायर आवाज करतो आणि रिबपेक्षा (उभ्या सरळ पट्ट्यांच्या टायरपेक्षा) लवकर झिजतो, म्हणून रोज बाजार समितीची लांब फेरी असेल तर रिबच ठेवा, फक्त नवा. हवेचंही बघा. भरलेल्या गाडीची हवा रिकाम्या गाडीत ठेवली की टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच टेकतो. रिकाम्या गाडीसाठी कंपनीने दिलेल्या आकड्यावर हवा आणायला काही खर्च नाही. माल भरण्याआधी ती परत वाढवायची.

शेवाळलेल्या सिमेंटच्या चढावर मात्र लग, रिब सगळे सारखेच. तिथे ब्लिचिंग पावडर आणि खराटा. गाडीत काही बसवायचं नसल्यामुळे हा उपाय गॅरेजमध्ये कुणी सुचवत नाही.

मागच्या सस्पेन्शनच्या पाट्यांकडे (लीफ स्प्रिंगकडे) तर कुणी बघतच नाही. जास्त माल घेता यावा म्हणून मागच्या मालकाने एखादा जादा पाटा टाकलेला असतो. मग रिकामी गाडी मागून दगडासारखी कडक होते, खड्ड्यात एक चाक अधांतरी राहतं आणि खडबडीत चढावर दोन्ही चाकं उड्या मारतात. जादा पाटा काढला आणि मेलेले शॉकअप बदलले की चाक जमिनीला धरून राहतं. चाक उडत असेल तर लॉकरच्या आधी हे करा.

लॉकरचा प्रकारही बघून घ्या. महिंद्राने २०१५ च्या थारमध्ये आणि २०२१ च्या बोलेरो निओच्या एन१० (ओ) मध्ये मागे जो यांत्रिक लॉक दिला, त्यात दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप पकडतो आणि वेग वाढल्यावर सोडतो. दुसरा प्रकार लिमिटेड स्लिप डिफ्रन्शियलचा, जो चाकं पूर्ण न जखडता त्यांच्या वेगातला फरक आवरतो; त्यात बहुधा क्लच प्लेट असतात. तो हळुवार काम करतो, पण प्लेट झिजतात आणि त्याला वेगळं ऑइल लागतं. जुन्या गाडीत यातलं काही बसेल का, हे हाउसिंग आणि ॲक्सलचे दात मोजूनच ठरतं. अंदाजाने सुटा भाग आणू नका. लॉक झालेली मागची चाकं दोन्ही सुटली, तर आडव्या उतारावर गाडीचा मागचा भाग खालच्या बाजूला सरकतो. बागेच्या बांधालगत हे लक्षात असू द्या.

डिफ्रन्शियल वेल्ड करून घेण्याचा सल्ला मिळेल. तो सरळ नाकारा. डांबरावर प्रत्येक वळणाला टायर घासतो, ॲक्सलवर ताण येतो आणि पावसात गाडी वळायलाच नकार देते.

लॉकरचं कोटेशन हातात येईपर्यंत हँडब्रेक वापरून बघा. तो मागच्या ड्रमवर लागत असेल, तर पहिल्या गिअरमध्ये दोन-तीन दाते ओढून हळू ॲक्सिलरेटर दिला की फिरणारं चाक अडतं आणि थोडा जोर दुसऱ्याकडे जातो. सोबतीला चाकाखाली बारदान. लांब चढावर हे करू नका, ब्रेकचे लायनर जळतात.

दोन्ही चाकांखाली चिखल, वर्षाचे चार महिने तोच रस्ता आणि परतीला कायम रिकामी गाडी, असं असेल तर चारही चाकांना जोर जाणारी जुनी फोर व्हील ड्राइव्ह बोलेरो कॅम्पर शोधण्यात शहाणपण आहे. घेताना पुढचा ॲक्सल खरंच जोर लावतो का, हे चिखलात चालवून बघा. डांबरावर फक्त लिव्हर पडतो एवढंच दिसतं.