आंब्याच्या फळ्यांची साधी शवपेटी, खानापूर रोडच्या सुताराकडची

बेळगावात शवपेटी घ्यायला गेलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार पुढं करतात, प्लायवूडची, वर सनमायका नाहीतर चकचकीत पॉलिश, आत पॉलिस्टरचं सॅटिन आणि कडेला सोनेरी प्लास्टिकचे हँडल. आमच्या आत्या पावसाळ्यात वारल्या, आणि त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं की मला ते असलं काही नको, मातीत जायचंय तर मातीत जाईल असंच द्या. म्हणून चौकशी करत करत खानापूर रोडच्या आतल्या बाजूला एका सुतारमामांकडं पोचलो आणि तिथं पाहिजे तशी पेटी मिळाली.

फळ्या आंब्याच्या, रंधा मारलेल्या, पॉलिश नाही की वार्निश नाही. फळ्या खाचा पाडून जोडलेल्या, त्यामुळं खिळे अगदी थोडे, झाकणावरचा क्रूससुद्धा लाकडाचाच. हँडलच्या जागी काथ्याचा दोर, आत कापूस आणि वरून मांजरपाट. मी विचारलं सागवानाची किती पडेल, तर मामा म्हणाले, "सागवान जमिनीत वर्षानुवर्षं टिकतंय दादा, तुम्हाला टिकवायचंय का मातीत मिळवायचंय ते आधी सांगा." आंब्याच्या लाकडाला बुरशी आणि वाळवी लवकर लागते, फर्निचरला तो दोष, पण इथं तेच तर पाहिजे होतं. पैसेही सागवानाच्या निम्म्याहून कमी लागले.

घरात काकांना हे पटलं नव्हतं, लोक काय म्हणतील, शेवटचं एवढं तरी चांगलं करूया की. त्यांचं प्रेम मी समजतो. पण बंद पेटीत शरीर टिकतं ही समजूतच चुकीची आहे. माणूस गेल्यावर थोड्या वेळातच शरीरातल्या पेशी आपोआप फुटायला लागतात, मग पोटातले जिवाणू काम सुरू करतात, ते कुठल्याच पॉलिशनं थांबत नाही. फरक एवढाच की हवा आणि बेताची ओल मिळाली तर मातीतले जिवाणू, बुरशी, किडे, गांडुळं ते काम नीट पुरं करतात आणि त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस झाडाच्या मुळांपर्यंत जातो, आणि हवा कोंडली तर ते नुसतं कुजत, वास मारत पडतं. आपल्या खानापूरकडची तांबडी जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही आणि आम्लधर्मी असते म्हणून हाडंसुद्धा त्यात लवकर झिजतात. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या जमिनीत पाणी साचून राहिलं तर उलटं होतं, चरबीचा मेणासारखा थर बनतो आणि सगळं अडून बसतं, तिकडच्यांनी तर बंद पेटी अजिबात घेऊ नये असं माझं मत. पॉलिस्टर आणि प्लास्टिक मात्र दोन्हीकडं तसंच राहतं. कुटुंबाची जुनी कबर परत उघडली की वरती येतं ते हेच, बघवत नाही.

आणि आपण ख्रिस्ती माणसांनी मातीला घाबरायचं कशाला? ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावून तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार असं सांगतात, ती राखही मागल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळूनच केलेली असते. येशूनं स्वतः गव्हाच्या दाण्याचं सांगितलं, मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. प्रेषित पौलानं बायबलमधल्या पत्रात करिंथकरांना लिहिलं की पेरलं जातं ते नाशवंत आणि उठवलं जातं ते अविनाशी. पुनरुत्थान देवाच्या हातात आहे, ते पेटीच्या मजबुतीवर कुठं अवलंबून आहे? ज्या देवानं आत्यांना घडवलं त्यानंच गांडूळ आणि बुरशीही घडवली, त्यांचं काम मला देवाचंच काम वाटतं. फादरांनाही पेटी आवडली, म्हणाले चर्चला सागवानाची गरज कधीच नव्हती.

काकांना शेवटी पोप फ्रान्सिस यांचं उदाहरण दिलं. पूर्वी पोपना एकात एक अशा तीन पेट्यांत ठेवायचे, सायप्रस, शिसं आणि ओक. फ्रान्सिस यांनी 2024 मध्ये ती पद्धत बंद करून एकच लाकडी पेटी ठेवली, आतून जस्ताचा पत्रा होता एवढंच. आणि कबर जमिनीत असावी, साधी, वर फक्त फ्रान्सिस्कुस हे नाव, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं. एप्रिल 2025 मध्ये रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये तसंच झालं. हे ऐकल्यावर काका काही बोलले नाहीत, पण दोर धरायला पुढं तेच होते.

आता तक्रारी. मामा तयार पेटी ठेवत नाहीत, माप दिल्यावरच करायला घेतात, म्हणजे सकाळी सांगितलं तर संध्याकाळ होते आणि घरात बॉडी असताना तो वेळ जड जातो. मांजरपाट एका कोपऱ्यात सुटलेला, तो आमच्या बहिणीनं टाचला. पावसात दोर भिजून हाताला काचतो, उचलणाऱ्यांनी पंचा गुंडाळून घ्यावा. पैसे रोखच लागतात.

माप देताना उंचीबरोबर खांद्यांची रुंदीही द्या, आणि कापूस-मांजरपाटच पाहिजे हे तोंडानं सांगा, नाहीतर कुणी मागितलं तर ते सॅटिनपण लावून देतात. जमलं तर खड्डा खणणाऱ्यालाही आधी सांगून ठेवा की वर सिमेंटची लादी नको, नुसती माती ओढ.