पुनर्संयोजित मानवी ईजीएफ: तीन महिन्यांच्या वापरानंतरचे मत

पेशीसंवर्धनासाठी घेतलेले ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन) अवघ्या ५३ अमिनो आम्लांचे आणि सुमारे ६.२ किलोडाल्टन वजनाचे असून ते ई. कोलाय जीवाणूत तयार केलेले आहे. त्यातील सहा सिस्टीन (गंधकयुक्त अमिनो आम्ले) मिळून तीन डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधक-गंधक जोड, बनतात आणि हे बंध चुकीचे जुळले, तर शुद्धता तपासण्याच्या जेलवर एकच स्वच्छ पट्टी दिसूनही प्रथिन निष्क्रिय असू शकते. त्यामुळे शुद्धतेच्या टक्केवारीपेक्षा सक्रियतेच्या चाचणीला मी अधिक महत्त्व देतो. सोबतच्या प्रमाणपत्रात उंदराच्या ३टी३ पेशींच्या वाढीवरून काढलेला ईडी५० (कमाल परिणामाच्या निम्मा परिणाम देणारी मात्रा) होता, आणि आमच्या मोजणीत तो जवळपास तसाच आला.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाबद्दल. कुपीतील गोठवून सुकवलेली पूड डोळ्यांना जेमतेम दिसते (पहिल्यांदा कुपी रिकामीच आली असे वाटले), तरीही पूड तळाशी बसावी म्हणून उघडण्यापूर्वी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी, ही सूचना कुठेही नव्हती. नमुना वाहक प्रथिनाविना (सोबत मिसळलेल्या संरक्षक प्रथिनाशिवाय) असल्याने विरळ द्रावणातील बराच अंश प्लॅस्टिकच्या भिंतींना चिकटून वाया जातो, हेही आम्हाला प्रयोग फसल्यावरच कळले, नंतर ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन) मिसळून, छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवल्यावर निकाल स्थिरावले. बीएसए मात्र वस्तुमानमापी विश्लेषणात (मास स्पेक्ट्रोमेट्री) अडथळा ठरते, म्हणून त्या कामासाठीचा साठा वेगळा ठेवावा लागला.

एंडोटॉक्सिनचे (जीवाणूंच्या आवरणातील विषारी घटकाचे) प्रमाण कमी असल्याची नोंद आहे, परंतु रोगप्रतिकारक पेशींवर काम करणाऱ्यांनी प्रत्येक बॅच स्वतः तपासावी. पुढची खरेदी मी याच उत्पादनाची करीन, फक्त बॅच क्रमांक आधी मागवून.