पर्यटनावर किती भिस्त ठेवावी? मालदीव, श्रीलंका आणि नेपाळ शेजारी ठेवून

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे तिन्ही देशांत पर्यटक येणे थांबले. त्या वर्षी मालदीवचे सकल उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले, श्रीलंकेचे चार-साडेचार टक्क्यांनी. नेपाळचे आर्थिक वर्ष जुलैत संपते. तिथली घट अडीच टक्क्यांच्या आसपास राहिली. पर्यटनासाठी तिन्ही देश सारखेच प्रसिद्ध, पण फटका असा वेगवेगळा. पर्यटनावर किती पैसा, किती जमीन आणि किती पाणी लावायचे हे ज्यांना ठरवायचे आहे, त्यांनी आधी हा फरक कशामुळे पडला ते पाहावे.

त्याआधी आकड्यांबद्दल एक सावधगिरी. ‘जगाच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा 10 टक्के’ असे वाक्य सर्रास वापरले जाते. त्यात हॉटेल, विमान, गाइड यांची थेट कमाई असतेच, शिवाय त्यांना माल पुरवणाऱ्यांची आणि या सगळ्यांच्या पगारातून होणाऱ्या खरेदीचीही कमाई मिळवलेली असते. थेट वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी भरू शकतो. एका देशाचा थेट वाटा आणि दुसऱ्याचा एकूण वाटा शेजारी ठेवला, की तुलना तिथेच फसते.

मालदीवमध्ये थेट वाटाच सुमारे चतुर्थांश आहे. 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या 5 लाख 15 हजार. 2024 मध्ये पर्यटक आले 20 लाखांवर. इतके असूनही त्याच वर्षी देशाची परकीय गंगाजळी तळाला गेली आणि ऑक्टोबरमध्ये भारताकडून 40 कोटी डॉलर आणि 3,000 कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीची, म्हणजे आपले चलन देऊन तात्पुरते परकीय चलन घेण्याची, सोय घ्यावी लागली. डॉलर गेले कुठे? बरेचसे देशात आलेच नव्हते. खोलीचे पैसे पर्यटक आपल्या देशातल्या कंपनीला भरतो, आणि रिसॉर्टच्या मालकाचे खातेही अनेकदा परदेशात असते. त्याच महिन्यात तिथल्या मध्यवर्ती बँकेने नियम काढला: मोठ्या रिसॉर्टनी दर पर्यटकामागे 500 डॉलर आणि वस्तीच्या बेटांवरच्या लहान गेस्टहाऊसनी 25 डॉलर देशातल्या बँकेत रुफियात, म्हणजे मालदीवच्या चलनात, बदलून घ्यावेत. असा नियम काढावा लागला, यावरूनच गळती किती असेल ते कळते.

रिसॉर्टमधला सकाळचा नाश्ता पाहा. लोणी, सफरचंद, पाव, कॉफी, बहुतेक सगळे जहाजाने किंवा विमानाने आलेले. पाणी समुद्राचे खारेपण काढून केलेले, आणि ते यंत्र चालते बेटावरच्या डिझेल जनरेटरवर, डिझेलही आयातच. ताटात वाढणारा माणूस बांगलादेशचा, भारताचा किंवा श्रीलंकेचा, म्हणजे पगाराचा मोठा भाग पुन्हा बाहेर. आता माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर या. तिथे गेस्टहाऊस काढायला स्थानिकांना 2009 नंतर वाट मोकळी झाली. नाश्त्याला मास हुनी: शिजवलेला कुपा मासा, खवलेला नारळ, कांदा, मिरची, सोबत रोशी म्हणजे तिथली पोळी. कणीक बाहेरची असली तरी मासा तिथल्याच होडीने गळाने धरलेला. दर खोलीमागे कमाई रिसॉर्टच्या मानाने फारच कमी, पण घराचा मालक त्याच बेटावर राहतो. बिघडते ते दुसरीकडे. खोल्या भराभर वाढतात, भाव पडतात, आणि कचरा टाकायला बेटावर जागाच उरत नाही.

श्रीलंकेचे चित्र जास्त संतुलित आहे. 2018 मध्ये 23 लाख पर्यटक आले आणि सुमारे 4.4 अब्ज डॉलर मिळाले. पण त्याच वर्षी परदेशातल्या श्रीलंकन कामगारांनी घरी पाठवले सुमारे 7 अब्ज, तयार कपड्यांची निर्यात 5 अब्जांच्या वर आणि चहाची जवळपास दीड अब्ज. तांदूळ, भाज्या, नारळ, मासळी देशातच पिकते आणि मिळते, म्हणून पर्यटकाच्या ताटातला पैसा बराचसा आतच फिरतो. मग 2022 मध्ये देश का कोसळला? एप्रिल 2019 चे बॉम्बस्फोट आणि पाठोपाठ कोविड यांमुळे 2021 मध्ये पर्यटनाची कमाई सुमारे 50 कोटी डॉलरवर आली. म्हणजे वर्षाला जवळपास चार अब्जांचे खिंडार. पण तेवढ्याने देश बुडाला नसता. 2019 अखेरची करकपात, 2021 मधली रासायनिक खतांवरची बंदी, थकत चाललेले कर्ज, आणि रुपयाचा भाव बळेच धरून ठेवल्यामुळे बँकेऐवजी हुंडीच्या अनधिकृत वाटेने वळलेला कामगारांचा पैसा हे सगळे एकाच वेळी अंगावर आले. एक आधार तुटला तर बाकीचे सावरतात. इथे धोरणाने दुसरेही खिळखिळे केले होते.

नेपाळमध्ये तर पर्यटन डॉलर आणण्यात बरेच मागे आहे. 2023-24 या आर्थिक वर्षात परदेशी गेलेल्या नेपाळ्यांनी सुमारे 1 लाख 44 हजार कोटी नेपाळी रुपये पाठवले. पर्यटनातून आले सुमारे 8,200 कोटी, म्हणजे सतरापट फरक. कोकणातली घरे मुंबईच्या मनीऑर्डरवर कशी चालली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको, आणि त्याची किंमतही: गावात कर्ती माणसे उरत नाहीत.

पण देशाची सरासरी इथे फसवते. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू खोऱ्यात पर्यटन हेच सगळे काही आहे. मार्च 2020 मध्ये एव्हरेस्टचे परवाने रद्द झाले, तेव्हा त्या खोऱ्याला अडीच टक्क्यांच्या घटीचा काही अर्थ नव्हता. तिथला पैसा कसा मुरतो तेही पाहण्यासारखे आहे. विमानतळ असलेल्या लुक्लाहून 3,440 मीटरवरच्या नामचे या गावाला आणि पुढे वर तांदूळ, गॅस, अंडी पाठीवर किंवा जनावरावर जातात. म्हणून प्रत्येक मुक्कामाला दाल-भाताचा भाव चढतो आणि त्यातला मोठा भाग वाहतुकीची मजुरी म्हणून डोंगरातच राहतो. बटाटा मात्र वरच पिकतो. खोलीचे भाडे किरकोळ, कमाई जेवणावर, म्हणून राहाल तिथेच जेवायचे असा रिवाज. राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातला 30 ते 50 टक्के भाग भोवतालच्या गावांच्या समित्यांना द्यायची कायद्यातच तरतूद आहे. तीन देशांतली घेण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल, तर मी ही निवडेन. अडचण हंगामाची: मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, बाकी दिवस लॉज थंड.

मग निवड कशी करावी? छोटे बेट, शेती नाही, दुसरा उद्योग नाही, तर मालदीवची वाट नाइलाजाने धरावी लागते. तेव्हा पहिल्या दिवसापासून डॉलर देशात आणण्याची अट आणि वाईट वर्षांसाठी वेगळी गंगाजळी हवी. शेती आणि कारखाने दोन्ही असतील, तर पर्यटन दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरच शोभते, आणि त्यासाठी शेतीचे पाणी वळवणे मला चूक वाटते. देशाला किरकोळ पण एखाद्या तालुक्याला सर्वस्व, अशी स्थिती असेल, तर शुल्काचा वाटा गावाला देण्याचा नियम आधी करावा, जाहिरात नंतर.

1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या सिंधुदुर्गासाठी हा हिशेब एखादी ग्रामपंचायतही करू शकते. दहा निवासांची खरेदीची बिले गोळा करा. मासळी, तांदूळ, भाजी, चादरी, गॅस, मजुरी यांचे तीन ढीग करा: तालुक्यातले, जिल्ह्यातले, बाहेरचे. मालकाचा पत्ता आणि टँकरचा खर्च शेजारी लिहा. मे आणि जुलै हे दोन महिने वेगळे काढा. जुलैत खोल्या रिकाम्या असताना कर्जाचा हप्ता कशातून गेला, ते त्या वहीत दिसते.