तळेगावात राहून अकरा महिने: शाळा मनासारखी मिळाली, पण दुपारच्या लोकलचं आधी बघा

गेल्या मंगळवारी दुपारी साडेबाराला शाळेतून बाईंचा फोन आला. "हिला ताप भरलाय, घ्यायला येताय का?" मी पुण्यात शिवाजीनगरला ऑफिसात. धावत स्टेशनवर गेले, तर तळेगावकडची लोकल निघून गेलेली आणि पुढचीला दोन तासांच्या वर अवकाश. कॅब दोनदा रद्द झाली. मग मेट्रोने पिंपरी, रिक्षाने निगडी आणि निगडीहून बस. घरी पोचले तेव्हा तीनला पाच कमी होते. मुलगी शेजारच्या काकूंच्या दिवाणावर कपाळावर ओली पट्टी घेऊन झोपली होती. त्याच रात्री हे लिहायला बसले.

आम्ही सोलापूरचे. ह्यांची नोकरी चाकणला, माझी बदली शिवाजीनगरला, मुलगी तिसरीत जाणारी. चिंचवडला टू बीएचके पंचाहत्तर लाखांच्या खाली कुणी बोलायलाच तयार नव्हतं. तळेगाव स्टेशन भागात यशवंतनगरच्या बाजूला जुन्या सोसायटीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर चव्वेचाळीस लाखांत घर मिळालं. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतल्यामुळे मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळाली, म्हणजे चव्वेचाळीस हजार वाचले. त्यात खिडक्यांच्या जाळ्या आणि स्वयंपाकघराचा ओटा झाला. घर बघायला येताना हा हिशेब आधीच करून या, नंतर कुणी सांगत नाही.

शाळेचं सविस्तर लिहिते, कारण आम्ही इथे आलो ते मुख्यतः त्यासाठीच. आधी हायवेकडची एक मोठी इंग्रजी शाळा पाहिली होती. इमारत चकाचक, पण फी आणि बसचे पैसे मिळून आमच्या हप्त्याच्या निम्मे होत होते, आणि लेकरू रोज दोन तास बसमध्ये. म्हणून घरापासून चालत आठ मिनिटांवरच्या मराठी शाळेत सेमी इंग्रजीला घातलं. तेव्हा मनात धाकधूक होती. सासरी आणि माहेरी दोन्हीकडून ऐकून घेतलं. आता तिची गणिताची वही उघडली की बरं वाटतं. चुकलेल्या उदाहरणापाशी बाई नुसती फुली मारत नाहीत, "हातचा कुठे गेला?" असं लिहितात. खाली लेकीच्या हाताने उत्तर असतं, "विसरला." आणि त्याखाली तेच गणित पुन्हा, बरोबर सोडवलेलं. चाळीसच्या वर मुलं असलेल्या वर्गात हे होतंय. या गावाला शाळेचं आणि लोकवर्गणीतून काही उभारायचं वेड जुनंच आहे. राष्ट्रीय शिक्षणासाठी झटलेल्या विजापूरकरांचं समर्थ विद्यालय इथलं, लोकांच्या एकेका पैशातून उभा राहिलेला पैसाफंडाचा काच कारखानाही इथलाच, १९०८ सालचा.

हवा छान. सोलापूरच्या उन्हातून आलेल्यांना तर फारच. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत, कुबट वास येतो, दोऱ्या घरात बांधाव्या लागतात. पाण्याची आमच्या सोसायटीत तक्रार नाही. चाकण रस्त्यावर ट्रेलरची रांग लागली की ह्यांची कंपनीची बस संध्याकाळी तासभर उशिरा येते, याचीही आता सवय झाली.

सवय झाली नाही ती दुपारची. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. सकाळ-संध्याकाळ ती फार मोठा आधार आहे. महिन्याचा पास कॅबच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडतो, शिवाजीनगरला पाऊण तासात पोचते. पण मार्ग दोनच, त्यावरूनच मुंबईच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या, आणि देखभालीचं काम दुपारी. त्यामुळे भर दुपारी लोकलमध्ये मोठं खिंडार पडतं. एजंटने घर दाखवलं ते रविवारी, आम्ही आलो स्वतःच्या गाडीने. "स्टेशन दहा मिनिटांवर" हे त्याने चार वेळा सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण स्टेशनवर गाडी कधी येते हे मी विचारलं नाही. त्यात चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ नंतर भरवायच्या असा आदेश २०२४ मध्ये निघाला. तो मुलांच्या झोपेसाठी योग्यच आहे. पण माझी लोकल त्याच्या आधीची, आणि शाळा सुटते ती नेमकी या खिंडारात. म्हणजे शाळेत सोडायलाही मी नाही, आणायलाही नाही.

मंगळवारी रात्री इथवर लिहून शेवटी "मुलं लहान असतील तर तळेगावात येऊ नका" असं लिहिलं होतं. आज शनिवार, ते वाक्य काढून टाकलं.

काल शाळेत गेले होते. मुख्याध्यापिकांनी स्वतः रजिस्टर काढलं आणि पालकांच्या पुढच्या रकान्यात काकूंचं नाव, नंबर आणि सही घेतली. मंगळवारी काकू शाळेत पोचल्या तेव्हा नोंद नसल्यामुळे शाळेने मला फोन करून खात्री केल्याशिवाय मुलीला सोडलं नव्हतं. त्या वेळी मेट्रोत उभी असताना मला राग आला होता. आता वाटतं, अशीच शाळा हवी. काकूंना पैसे देऊ केले, तर त्या रागावल्या. मग ठरलं की त्यांचं महिन्याचं वाणसामान चौकातून मी आणायचं आणि गुडघ्याच्या डॉक्टरांकडे शनिवारी मी न्यायचं.

तेव्हा घर बघायला याल तर रविवारी येऊ नका. कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता तुमच्या ऑफिसातून निघा आणि लोकलने, बसने, जमेल तसं त्या घरापर्यंत या. किती वाजले ते बघा, मगच टोकन द्या. आणि वरच्या-खालच्या मजल्यावर दुपारी कोण घरी असतं, तेही विचारा.

ताप उतरलाय. सोमवारपासून शाळा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात काकूंच्या घराची जादा किल्ली शिवून ठेवली आहे.